काकींच्या शेजारची जागा

कमळाकाकींना खुर्चीवर पाय खाली सोडून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्ची कसलीही असो, प्लास्टिकची, ऑफिसातली नाहीतर लग्नाच्या हॉलमधली लाल मखमलीची. काकी आधी चपला काढणार, लुगडं सावरणार आणि मांडी घालूनच बसणार. एकदा बँकेत साहेबांच्या समोरही त्या तशाच बसल्या होत्या. मी हळूच खुणावलं, तर मोठ्यांदा म्हणाल्या, "पाय लोंबकलत ठेवून कोन बसते गो? दात उपटाया आलोय का आपन?" साहेबांनाही हसू आवरेना.

कोपरखैरणे गावठाणात त्यांची चार मजली इमारत होती. महाप्यातली नोकरी सोडून मी हाताने फर्निचर बनवायला लागले तेव्हा जागेसाठी बरीच वणवण केली. एकटी बाई दिवसभर रंधा मारणार म्हटल्यावर लोक चहा पाजून वाटेला लावायचे. काकींनी तळमजल्याचा गाळा दाखवला आणि एवढंच विचारलं, "आवाज किती व्हईल?" मी खरं ते सांगितलं, की चांगलाच होईल. "बरा. वरती कोन बोलतच नाय," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नव्या खुर्चीची परीक्षा ठरलेली. काकी मेथीची जुडी घेऊन खाली यायच्या, खुर्चीवर मांडी ठोकायच्या आणि निवडायला सुरुवात करायच्या. जुडी संपेपर्यंत बसता आलं तर खुर्ची पास. मधेच उठल्या तर मी समजून जायची. रंगाच्या बाबतीत मात्र त्यांचं काही ऐकण्यासारखं नव्हतं. त्यांना सगळं चकचकीत, सोनेरी हवं असायचं. लाकडाचा रंग तसाच ठेवलेला पाहून त्या हळहळायच्या, "लगनाची पोर आनि हलद लावली नाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

बोलता बोलता एक नाव सारखं यायचं, जनीचं. दोघी एका गावच्या, लहानपणी मिठागरावर बरोबर राबलेल्या. लग्नानंतर काकी इकडे आल्या आणि जनी खाडीपलीकडच्या गावात गेली. ती सुकी मासळी घेऊन विकायला यायची, आणि पाटी रिकामी झाली की काकींच्या जुन्या घराच्या ओट्यावर येऊन टेकायची. उन्हं कलेपर्यंत दोघींच्या गप्पा. पुढे घर पाडून इमारत झाली आणि ओटा गेला. मग विमानतळासाठी जनीचं गाव उठलं, माणसं कुठे कुठे पांगली. तिच्या मुलाचा फोन लागेनासा झाला. "ती आयली असंल पन," काकी एकदा म्हणाल्या. "आयली असंल, ओटा शोधला असंल, परत गेली असंल. तिसऱ्या माल्यावर मी हाय ह्या तिला कोन सांगंल?" बोलताना त्या मेथीची चांगली पानं देठांच्या ढिगात टाकत होत्या.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एक बाक करवून घेतला. उंचीला कमी, चांगला रुंद, दोन बायका मांडी घालून ऐसपैस बसतील असा. तो गाळ्यातच ठेवायचा ठरला. मी बाजूंना टेकायला हात बसवते म्हटलं तर नको म्हणाल्या. "ओट्याला हात असतात का?"

वाशीच्या प्रदर्शनात मला पहिल्यांदा स्टॉल मिळाला तेव्हा खरी जुंपली. स्टॉल एवढासा, की दोन्ही हात पसरले तर बाजूचे पडदे हाताला लागावेत. नोकरी सोडल्याला बरेच दिवस झाले होते. इथे काम लोकांच्या नजरेत भरलं नाही तर गाळा सोडून पुन्हा महाप्याची वाट धरावी लागणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी गाळ्यातच खडूने स्टॉलएवढा चौकोन आखला आणि त्यात सामान मांडून पाहायला लागले. उंच पुस्तकांचं कपाट, एकात एक बसणारी टेबलं, आणि माझी लाडकी डुलती खुर्ची. काकींनी तिच्यावर मांडी घातली मात्र, खुर्ची अशी कलली की त्या माझ्या गळ्यातच पडल्या. "खुर्ची हाय का पान्यातली होरी?" त्या ओरडल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

हसणं संपल्यावर काकी बाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो ने." मी समजावलं, की बाक अर्धी जागा खाईल, माझं नाजूक काम झाकलं जाईल. "कपाटाला मानूस बघंल आनि पुढं जाईल. बसंल कुटं?" असं म्हणून त्यांनी स्वतःच बाक ओढत खडूच्या चौकोनात आणला आणि दारासमोर बसल्या. थोड्या वेळाने मी पाहते तर रस्त्याने जाणारी भाजीवाली शेजारी टेकलेली, आणि तिचा हात टेबलाच्या कडेवरून फिरतोय. "ह्या कुनी बनवला?" तिने विचारलं. मी गपचूप डुलती खुर्ची चौकोनाबाहेर काढली.

प्रदर्शनात काकी रोज माझ्याबरोबर आल्या. बाकाच्या एका टोकाला त्या, आणि दुसऱ्या टोकाला त्यांची कापडी पिशवी. कुणी पिशवी उचलायला लागलं की म्हणायच्या, "तिथं नको. तिथं मानूस हाय." मी कपाळाला हात लावला. "काकी, गिऱ्हाईकाला उठवता?" मग थोडी तडजोड झाली. येणाऱ्या बाईला बसू द्यायचं, पण ती उठली की पिशवी परत जागेवर. आणि बसलेल्या प्रत्येकीला पहिला प्रश्न, "तुजा गाव कंचा?" दुसरा, "जनी ठावी हाय का? सुकी मासली विकाची. हनवटीवर गोंदलेला हाय."

बसलेल्या बायका टेबलं न्याहाळायच्या, खण उघडून बघायच्या. बाक तर इतक्यांना आवडला, की तसेच आणखी बनवायचं काम हाती आलं. माझा गाळा वाचला. जनीचा पत्ता मात्र कुणालाच नव्हता. एका बाईने फक्त सांगितलं, की विमानतळासाठी उठलेली बरीच माणसं उलव्याकडे वसलीत, तिची नणंद तिथेच राहते, तिला विचारून बघते. शेवटच्या संध्याकाळी मी सामान बांधायला घेतलं, तरी काकी उठेनात. "थांब गो जरा. कोन येत असंल." दिवे मालवायला माणूस आला तेव्हा त्यांनी पिशवी उचलली.

दिवाळीनंतर काकी आजारी पडल्या, त्या परत खाली आल्याच नाहीत. मी वर जाऊन बसायची. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. "यो बाक इकू नको," एवढं एकदा म्हणाल्या. त्या गेल्या आणि गाळ्यात रंध्याचा आवाज मलाच नकोसा झाला. अजूनही नवी खुर्ची पुरी झाली की माझी नजर जिन्याकडे जाते. वाटतं, आत्ता चपला वाजतील, मेथीचा वास येईल.

यंदा पुन्हा वाशीत स्टॉल मिळाला. चौकोन आखल्यावर पहिल्यांदा मी बाकच आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी नातीचा हात धरून आली. हनवटीवर गोंदण. बाकाकडे पाहिलं, चपला काढल्या आणि जिथे काकींची पिशवी असायची त्याच टोकाला मांडी घालून बसली. "मना आमच्या उलव्यातल्या बाईनं सांगितला," ती मला म्हणाली. "कमली हितं बसते म्हनून. गेल्या साली बी यावाचा व्हता, पन पाय मोरला, पलास्टर व्हता. कुटं गेली ती? चा आनाया?"

मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिचे हात हातात घेऊन सांगितलं. ती नुसती हात फिरवत राहिली, बाकाच्या रिकाम्या भागावरून. मी रडत होते, ती रडत नव्हती.

तेवढ्यात दमलेली एक गिऱ्हाईक बाई त्या रिकाम्या टोकाला टेकायला आली. जनीने चटकन आपली पिशवी उचलून तिथे ठेवली.

"तिथं नको बसू बाय," ती म्हणाली. "तिथं मानूस हाय."