नको म्हणणाऱ्यांच्या काळ्या काचा

धाकट्या जावेचं काही चांगलं दिसलं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि धाकटीचं मेलं सगळंच चांगलं असायचं. अक्षर चांगलं, झोप चांगली, सर्दीसुद्धा तिला दोनच दिवस व्हायची. सासूबाई तर म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला यश आहे हो." थोरलीच्या हाताला काय आहे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

चष्म्याच्या काचा तयार करणाऱ्या कारखान्यात थोरली अकरा वर्षं कॉम्प्युटरवर होती. दुकानांच्या ऑर्डरी वाचून कुठली काच कुठल्या यंत्रावर पाठवायची हे ठरवणारा प्रोग्राम तिनं एकटीनं, पुस्तकात बघून बघून लिहिला होता. धाकटीला तिथं चिकटवलं तेही तिनंच. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षभरात मालक काही अडलं की आधी धाकटीच्या टेबलाशी जायला लागले.

धाकटीला एक खोड होती. त्या प्रोग्रामच्या भाषेत माहिती ठेवायच्या कुठल्याही डब्यात काहीही ठेवता येतं. आज आकडा, उद्या शब्द, परवा नुसतं हो-नाही. भाषा हूं की चूं करत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक गोष्टीला धाकटी आधी विचारायची, तू नेमकी कोण? तसं विचारणाऱ्या, आणि उत्तर भलतंच आलं तर काम थांबवणाऱ्या नऊ ओळी तिनं थोरलीच्या प्रोग्राममध्ये घातल्या.

"ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये गं," थोरली सगळ्यांदेखत म्हणाली.

"ऋषी आला तर नाही विचारणार, ताई. पण इथं दुकानदार येतात ना."

मालक खो खो हसले. ते हसणं थोरलीला असं झोंबलं की त्याच आठवड्यात तिनं प्रोग्रामची 'साफसफाई' केली. नऊच्या नऊ ओळी गेल्या. कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी दुकानांनी ऑर्डरीचा नवा फॉर्म सुरू केला आणि बुधवारी सकाळी एकेचाळीस चष्म्यांच्या काचा काळ्याकुट्ट होऊन बाहेर पडल्या. सगळ्या रंग नको म्हणणाऱ्यांच्या. त्यात एक रात्रपाळीचा बस ड्रायव्हर होता. मालकांनी रंगाचं यंत्र बंद करवलं.

"बाई, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघा," ते म्हणाले. "नाही सापडलं तर प्रोग्राम धाकटीकडे देऊ. तुम्ही नुसत्या ऑर्डरी भरा."

अकरा वर्षांचा प्रोग्राम, आणि तिच्याकडे! थोरलीनं 'रंग हवा का' या रकान्यात काय आलंय ते पडद्यावर काढलं. फॉल्स, फॉल्स, फॉल्स. म्हणजे नको. बरोबरच होतं की! मग यंत्र रंग का फासतंय? तिनं शंभरदा वाचलं. समोर धाकटी मान खाली घालून बसली होती. तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम, पण थोरलीनं त्यापेक्षा जीभ कापून दिली असती.

साडेबारा वाजले. शेवटी तिनं दात-ओठ खात प्रोग्रामची मागच्या महिन्याची प्रत उघडली आणि धाकटीची एक ओळ उचलून परत घातली. तू कोण? उत्तर आलं, शब्द.

थोरलीनं कपाळाला हात लावला. नवा फॉर्म खरंखुरं 'नाही' पाठवतच नव्हता, फॉल्स हा शब्द लिहून पाठवत होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आणि तिचा प्रोग्राम फक्त डबा भरलेला आहे की रिकामा एवढंच बघायचा. खरं 'नाही' म्हणजे त्याच्या लेखी रिकामा डबा, पण अक्षरं भरलेला डबा रिकामा कसा असेल? ज्यानं ज्यानं नको लिहिलं, त्याचं हो झालं. धाकटीच्या ओळी जागेवर असत्या तर सोमवारीच काम थांबलं असतं.

दुरुस्ती एका ओळीत झाली. मान वर करून बघते तर धाकटीच्या पडद्यावरही तीच जुनी प्रत.

"तुला कळलं होतं?"

"सकाळीच," धाकटी हळूच म्हणाली. "म्हटलं, ताईंना सापडेलच. यंत्र तर बंदच आहे."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळी कुणी काढल्या हेही हिला ठाऊक, आणि ही गप्प! यश हिचं, कौतुक हिचं, आता मोठेपणाही हिचाच? थोरली कोण आहे या घरात? ती ताडकन उठली आणि मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

"सापडलं. हे पकडणाऱ्या ओळी होत्या प्रोग्राममध्ये. मी काढल्या. चूक माझी."

मालक काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला. "मीच सांगितलं होतं ताईंना, काढा म्हणून. प्रोग्राम हळू चालत होता."

"बरं बरं," मालक म्हणाले. "परत घाला, आणि दोघी मिळून सांभाळा."

थोरलीनं वळून बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिनं आपण होऊन चूक कबूल केली होती, आणि तीसुद्धा या बाईनं तिला एकटीला मिळू दिली नाही.