विळद घाटातला डबा

मित्रांनो, आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक नियम आहे. नागापूरहून निघालं की विळद घाट उतरेपर्यंत साहेबाला हव्या तेवढ्या शिव्या द्यायच्या. पुढं विषय बंद. वैताग घरी न्यायचा नाही.

आज साहेबानं मला दुसऱ्याच्या चुकीसाठी सगळ्यांसमोर झापलं. त्यात घाटात ट्रक बंद पडला, बस हलेना. बोलून बोलून माझ्या शिव्याच संपल्या.

शेजारचे जाधवमामा म्हणाले, "दुपारी जेवला न्हाईस तू. काढ डबा. भरलेला घरी नेलास, तर तुझ्या बायकोला न सांगता समदं कळंल."

गार मेथी-भाकरी दोघांनी बसमध्येच संपवली.

वैताग अजून आहेच. पण डबा रिकामा घेऊन घरी आलो.

तुम्ही जेवलात ना आज?