महादेवभाऊ झुरळवाले

झुरळं मारायला बोलावलेला माणूस आला, की आपण भांडी झाकून औषधाच्या वासाची तयारी ठेवतो. महादेवभाऊ यायचे ते चुलीची चाळलेली राख घेऊन. पंप सायकलवरच बांधलेला राहायचा. संध्याकाळी किचन बंद होताना ते भिंतीच्या कडेनं, सिलिंडरच्या मागे, मोरीपाशी राखेचा पातळ थर पसरायचे आणि "सकायपर्यंत कोनी पाय नोका ठेवू" असं बजावून निघून जायचे. सकाळी येऊन उकिडवे बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि राखेतल्या बारीक रेघा बघत राहायचे. झुरळ कुठून आलं, कुठे गेलं, सगळं त्यांना त्यात दिसायचं. लोक हसायचे. मीही हसले होते, खोटं कशाला सांगू?

त्यांचं घराणं तलावातल्या मासेमारीचं. तरुणपणी जाळं टाकलं, मग गुडघे बोलायला लागले तेव्हा गडचांदूरला येऊन हे काम शिकले. पण डोक्यातून तलाव काही गेला नाही. मोठी तपकिरी, उडणारी झुरळं गटारातून येतात, एवढं सांगायलाही त्यांना मासे लागायचे. "नुसता फवारा मारनं म्हनजे तलावात काठी आपटनं हाय बाई. मासा मरत नाई, इकडचा तिकडं पयते. ज्या तोंडातून येते ते तोंड धरा लागते."

गावातल्या हॉटेलांची, बेकऱ्यांची, दवाखान्याच्या कॅन्टीनची किचनं त्यांनी आतून पाहिलेली. पण कोणाकडे काय निघालं, हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मी एकदा खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "तुमचंई दुसऱ्याले सांगू का मंग?" एका बेकरीवाल्यानं मात्र त्यांना निरोप धाडला होता, की मागच्या दारानं या, गिऱ्हाइकांना दिसू नका. भाऊ भर दुपारी पंप खांद्यावर टाकून पुढच्या दारानं गेले. "कॉकरोच असनं लाजेचं नाई, झाकनं लाजेचं," असं त्यांचं म्हणणं. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. बेकरीवाला खांदा द्यायला पुढे होता.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मेस सुरू करून मला चार वर्षं झाली होती. एका ठेकेदाराची चाळीस पोरं सिमेंटच्या कारखान्यात कामाला होती, ती दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायची. त्यांच्यावरच मेस उभी होती. एका दुपारी अंगठ्याएवढं झुरळ भिंतीवरून उडालं आणि थेट एकाच्या वरणभातात पडलं. पोरानं ताट भिरकावलं. ठेकेदार आला, शांतपणे म्हणाला, "बाई, शनिवारी येतो. साफ नसन तर पोट्टे दुसरीकडं नेतो." झालं!

आणि मी अतिशहाणी. दुकानातून फवाऱ्याचे दोन डबे आणले आणि मोरीच्या जाळीतून आत रिकामे केले. दुसऱ्या दिवशी ऐन पंगतीत मोरीतून झुरळांची रांग बाहेर आली. मेली एक दोन असतील, बाकी सगळी जेवायच्या खोलीत. तेव्हा कुठे मी महादेवभाऊंना फोन केला.

त्यांनी संध्याकाळी राख पसरली. सकाळी पाहिलं तर राखेतल्या सगळ्या रेघा मोरीकडे गेल्या होत्या. भाऊंनी विचारलं, "भाताची पेज कुठी टाकता?"

"मोरीत. मग दोन बादल्या पाणी ओतून मोरी घासते. पाहा ना, कशी चकाचक आहे!" मी तोऱ्यात म्हणाले.

ते मागच्या बाजूला गेले आणि मोरीचं पाणी जिथे साचतं त्या चेंबरचं झाकण उचललं. आतलं मी सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. पेजेची साय जमलेली आणि तिच्यावर सगळं हलत होतं. "रोज संध्याकाळी तुमी त्याइले पेज पाजून राह्यल्या बाई," ते म्हणाले. "वरून पानीई."

मी आयुष्यभर मिरवला तो माझा स्वच्छपणा! कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. भाऊंनी चेंबर उपसून घेतलं, औषध टाकलं, पाइपच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, मोरीला बारीक जाळी बसवली. पेज शेजारच्या म्हशीला द्यायला सांगितली. तो शुक्रवार होता.

शनिवारी ठेकेदार आला तेव्हा भाऊ जाळी तपासत होते. ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनाच विचारलं, "काय भाऊ, झालं का साफ?"

मी भाऊंकडे पाहिलं. डोळ्यांनी किती विनवलं असेल!

"आज नाई," भाऊ म्हणाले. "औषध काल टाकलं. आतले अजून निंगतीन. सोमवारी सकायी पाहून सांगतो."

ठेकेदार मान हलवून निघून गेला आणि दुपारी चाळीस पोरं पलीकडच्या रस्त्यावरच्या मेसमध्ये जेवली. मी भाऊंवर तुटून पडले. बोलू नये ते बोलले. "एक 'हो' म्हणायला तुमचं काय जात होतं?"

ते हात पुसत म्हणाले, "माह्याजवळ तेवढंच त हाय बाई."

मला कळलं नाही. रागाच्या भरात कळत नाही. दोन दिवस चूल बंद ठेवून मी किचन घासलं. ओटा, भिंती, फळ्या, सिलिंडरची ट्रॉली. पाणी मात्र ओतलं नाही, फडक्यानं पुसून घेतलं. सोमवारी भाऊ पहाटे आले, चेंबर उघडून पाहिलं, सगळे कोपरे पाहिले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. मी मुकाट्यानं भाताला आधण ठेवलं. कोण येणार होतं कोण जाणे.

दुपारी ठेकेदार आला. पोरं मागे रस्त्यावर उभी. "भाऊ?" त्यानं एवढंच विचारलं.

"हो," भाऊ म्हणाले.

ठेकेदार वळला आणि पोरांना म्हणाला, "बसा रे." मी दोन दिवस घासलेल्या किचनकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आत आलाच नाही तो.

मला रडू कोसळलं. पदरानं डोळे पुसत पायरीपाशी गेले. "भाऊ, शनिवारी मी तुम्हाले लय बोलली."

"बोलल्या त बोलल्या," भाऊ म्हणाले. "आंधी भात वाढा. पोट्टे बसले ना."