खांबाजवळचं तिसरं खोकं

ये गं, अशी माझ्याजवळ बस. तू पुण्यात आणि मी सोलापुरात, तरी बस. कागदावर तेवढं चालतं. आधी रागावून घेते. मावशीला ॲम्प्लिफायरच्या तीन प्लेटा पाठवल्यास, दोन दिवस फोनवर शिकवलंस आणि गायब झालीस. काम झालं का, कसं झालं, एका शब्दानं विचारलं नाहीस. शेवटच्या फोनवर तेवढं सांगितलंस, "मावशी, माइक दाखवेल ते खरं धर, कानाचं ऐकू नकोस." त्या एका वाक्यावरनं इथं किती रामायण झालं ते आता ऐक.

तुझ्या काकांचं पुढच्या खोलीत रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान, हे तुला माहीत आहे. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. काकांची नजर कमी व्हायला लागली तेव्हा मी माग सोडला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. ते स्टुलावरनं सांगायचे, मी डाग द्यायची. त्यांचे कान, माझे डोळे, असा आमचा धंदा चालला. शाळा माझी चौथीपर्यंत. बाकी सगळं त्या स्टुलाशेजारी बसून आलं.

तेव्हा स्पीकरचं खोकं करायचं म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी आधी. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज छोट्याला, अशी वाटणी त्या वेटोळ्यांनी व्हायची. चार वेढे कमीजास्त झाले की परत उलगडा. तुझ्या प्लेटेत तसलं काही नाहीच की. वहीएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या पाठीला ॲम्प्लिफायर, आणि वाटणी करणारी चिपही त्याच्यातच. खोक्याच्या मागच्या फळीला चौकोन कापायचा, पत्रा आवळायचा, लॅपटॉपची वायर लावायची आणि पडद्यावर रेघ ओढायची, कुठला आवाज किती हवा त्याची. नाही पटली तर पुसायची. वर ती प्लेट अशा चार रेघा लक्षात ठेवते. बटण दाबलं की पहिली, परत दाबलं की दुसरी. पहिल्या दिवशी मी बोटांकडं बघितलं आणि म्हटलं, उगाच झिजलात.

पण हे सगळं मी केलं एका बाईपायी. कारखान्यात ती माझ्या शेजारच्या मागावर होती. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही. मला अक्का म्हणते. सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यांच्या खडखडाटात आम्ही दिवसभर बोलायचो ते ओठ बघून. तिचं लग्न, बाळंतपणं, सासूची कागाळी, सगळं मी तिच्या ओठांवर वाचलंय.

आमच्या गल्लीच्या समाजमंदिरात गुरुवारी दुपारी वाचन असतं. निवृत्त शिक्षिका आहेत एक, त्या कधी पोथी वाचतात, कधी गोष्टीचं पुस्तक. बायका निवडायची भाजी घेऊन येतात. माझी ही मैत्रीण पण यायची. मग एकाएकी यायची बंद झाली. मी घरी गेले. म्हणाली, "गुडघा दुखतोय." गुडघा दुखणारी बाई माळ्यावरनं डबा काढत होती. मी तशीच बसून राहिले तेव्हा बोलली.

"अक्का, मला तिथं काय कळत न्हाय. बाई मान खाली घालून वाचतात, ओठ दिसत न्हाईत. नुसता गूंऽऽ आवाज येतोय. सगळ्या हसल्या की मी हसते. किती दिस तसं हसायचं?"

मी घरी आले आणि काकांना म्हटलं, समाजमंदिराच्या हॉलमधले जुने कर्णे काढून टाकायचे, आपण खोकी करायची. वाचन चालवणाऱ्या मंडळातल्या बायका लगेच हो म्हणाल्या; त्या कर्ण्यांना त्याही वैतागल्या होत्या. त्यानंतर तुला फोन केला, पुढचं तुला ठाऊक आहे. फळ्या आमच्या गल्लीतल्या सुतारानं कापल्या. आतून लावायला कापूस हवा होता, तर मी कारखान्यातनं टॉवेलचे बिघडलेले तुकडे आणून ठोकले. ते बघून ही हसली होती, "आपलं रिजेक्ट माल कुटं कुटं कामाला येतंय बघ."

दोन खोकी झाली. तू सांगितल्याप्रमाणे खोक्यासमोर माइक ठेवला, त्याला कुठला आवाज किती येतोय ते पडद्यावर बघत रेघ सरळ केली. तू फोनवर "मस्त" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी बातम्या लावून ऐकलं तर बाई गोधडीत तोंड घालून बोलतीय असं वाटलं. म्हटलं, यंत्राला काय कळतंय, त्याला का गोष्ट ऐकायचीय? मी बारीक आवाज वाढवला. अजून वाढवला. शब्द कसे सुटे सुटे झाले, स, श, त, क, सगळे आपापल्या जागी.

काका आतून म्हणाले, "अगं, कानात दाभण घालतीस का माणसांच्या?"

"तुम्हाला नवीन काही सोसतच नाही."

"मला दिसत नाही गं. ऐकू येतंय."

सरळ रेघ पहिल्या नंबरवर होती; मी माझी रेघ दुसऱ्या नंबरवर ठेवली, तीच चालू ठेवली आणि काकांशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

गुरुवारी हिला हाताला धरून हॉलमध्ये नेलं, खांबाजवळ बसवलं. शिक्षिका बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि पुढच्या रांगेतल्या सुनांनी कानावर पदर ओढले. एकीचं तान्हं रडायला लागलं. बाई थांबून म्हणाल्या, "अहो, हे सापासारखं सस् सस् काय होतंय?" मला काही कळेना. मला तर इतकं छान वाटत होतं. बाईंनी तशीच दोन वाक्यं पुढं वाचली. गोष्टीतला जावई चुलीवरची खीर समजून कांजी पितो तिथं आल्या, आणि खांबाजवळनं हसू आलं. एकटीचं. पुढच्या कान धरून बसलेल्या. हसली ती ही. सगळ्यांच्या आधी.

मी पुढं जाऊन दोन्ही खोक्यांची बटणं दाबली, पहिला नंबर लावला. हॉल निवांत झाला, सुनांनी पदर सोडले, बाई म्हणाल्या, "आता बरं आहे." मी खांबाकडं बघितलं. हिची मान वर होती, पण डोळे बाईंचे ओठ शोधत होते. आणि बाईंचे शब्द मलाही परत गोधडीत गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही दोघींनी एकाच कारखान्यात कान ठेवले होते. धोट्यानं तिचा जो आवाज नेला तोच माझाही नेला. हॉलमध्ये मागावर काम केलेल्या अजून चौघी होत्या. त्या पण तशाच बसल्या होत्या, हातातली गवार तशीच. माइक बरोबर होता, काका बरोबर होते. आम्ही सहाजणी पण काही खोटं ऐकत नव्हतो.

घरी येऊन काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यावर ओरडतीस. तुला तुझाच आवाज कमी येत होता होय." मग म्हणाले, "तिसरी प्लेट पडलीय ना? तिला वेगळी रेघ दे."

हीच तर गंमत आहे की गं तुझ्या प्लेटांची. प्रत्येक खोक्याला स्वतःचं डोकं. पुढच्या दोन खोक्यांना सरळ रेघ ठेवली. तिसरं लहान खोकं केलं, खांबाजवळ, आमची रेघ लावून, आवाज अगदी बेताचा, तेवढ्या कोपऱ्यापुरता. पहिल्यांदा शब्द डबल यायला लागले. जवळच्या खोक्यातला आधी, पुढचा मागनं. मग तू शिकवलेलं टिपलं होतं त्या वहीत बघितलं, आवाज मुद्दाम उशिरा सोडायचं तू सांगितलं होतंस. पुढच्या खोक्यापासून खांबापर्यंत पावलं मोजली, बावीस भरली, आणि तेवढं अंतर चालायला आवाजाला जितका वेळ लागतो तितकं तिसऱ्या खोक्याला थांबवलं. शब्द एकावर एक बसले.

ते झालं, पण ही बसेना. "बहिऱ्यांचा कोपरा केलास व्हय? गल्लीला सांगायचंय का?" आणि जाऊन बसली मागच्या दाराशी. मी पाट घेतला, खांबाजवळ खोक्यासमोर मांडला आणि बसले. वाचन सुरू झालं. जरा वेळानं मी तिच्याकडं बघून आवाज न करता नुसते ओठ हलवले, मागावर करायचो तसे: मला एकटीला करमत नाही, ये. तिनं लांबनं वाचलं. उठली, बडबडत आली आणि माझ्या गवारीतली अर्धी ओढून घेतली.

आता सहाहीजणी तिथंच असतो. अगोदर कोण हसतंय त्याची चढाओढ असते.

एक काम मात्र तुझ्यासाठी ठेवलंय. आमच्या रेघेत अजून कुठंतरी बोचरं आहे असं शिक्षिका बाई म्हणतात, आणि ते आम्हा सहाजणींना कळणार नाही. काकांना हॉलचा जिना चढवत नाही. तुझे कान लागतील. गुरुवार धरून ये. शेंगाची चटणी कुटून ठेवते, कडक भाकरी पण बांधून देईन. पुढं खुर्च्या असतात, तिकडं बसू नकोस. सरळ खांबाजवळ ये, तुझ्यासाठी पाट टाकून ठेवते.