काहीच न जळणारी लॅब

रिटायर झाल्यावर माणसाकडे गुडघेदुखी आणि किस्से आपोआप जमा होतात, असं आमची बायको म्हणते. माझे किस्से सगळे नांदेडच्या एका कॉलेजमधले, लातूरच्या भूकंपानंतरच्या वर्षांतले. तेव्हा सर्किट कॉम्प्युटरवर टाइप करून पडद्यावर आलेख बघण्याची नवी लॅब निघाली होती. मी शिकवायचो, म्हणजे पोरांच्या एक पान पुढे असायचो! फार सुखाचे दिवस होते ते.

*

मुजीबचाचा आमचे लॅब असिस्टंट. जुन्या लॅबमधले जळालेले ट्रान्झिस्टर ते डब्यात जपून ठेवायचे आणि नव्या बॅचला दाखवायचे. एका पोरानं कॉम्प्युटरवर पाचच्या जागी पाच हजार व्होल्ट टाइप केले. चाचांनी धावत जाऊन मेन स्विचच पाडला! सगळ्यांचं काम गेलं.

मी समजावलं, "चाचा, यात काही जळत नसतं."

"जलताच नै? तो पोट्टे सीखते कैसा?"



*

लातूरला क्लास करून आलेली पोरं महाहुशार. उत्तर आधी पाठ, प्रयोग नंतर! एकाच्या जर्नलमध्ये पाच व्होल्ट आणि पडद्यावर चार पूर्णांक आठ.

"सर, कॉम्प्युटर दुरुस्तीला टाका. नोट्समध्ये पाच हाय!"

*

लेकीनं रेडिओ केला म्हणून आमच्या वर्गातल्या वंदनाचे वडील उमरीहून एसटीनं आले. तिनं पडद्यावर रेडिओचं सर्किट दाखवलं.

"झाला म्हणतीस नं? मग लाव बातम्या!"

तिनं आलेख दाखवला. त्यांनी पडद्याला कान लावला. "दिसून राहिला, पर बोलत न्हाई."

*

संतोष औशाकडचा. तो क्लाससाठी लातुरात खोली करून राहिला होता, तेव्हा भूकंप झाला. धाकटी बहीण गावी झोपेतच पडलेल्या घराखाली गेली.

त्यानं प्रोजेक्टला भूकंपाची घंटा घेतली. हादरा बसला की वाजणारी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मला आलेख दाखवला. त्यात घंटेची रेषा आधी उसळत होती आणि हादऱ्याची पाच सेकंदांनी!

मी भडकलो. "अरे, हादऱ्याआधी घंटा वाजेल कशी? तू घंटा हादऱ्याला न जोडता वेगळ्या सप्लायवर टाकलीस. उद्या एक्स्टर्नल नापास करतील!"

"हाव सर. ठाव हाय."

"मग असं का केलंस?"

त्यानं पडद्यावर दोन रेषांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं.

"दुरुस्त करतो सर. पर तिच्या खाटेपासून दारापातुर पाच सेकंद लागतात."