चाळणीवरचं नाव

गेल्या महिन्यात दुपारी फोन बंद करायचा विसरून जरा डोळा लागला होता, तर एका मुलीच्या फोननं उठवलं. जुन्नर तालुक्यातल्या ज्या दुर्बिणीच्या केंद्रात मी उमेदीची वर्षं प्रोग्राम लिहिण्यात घालवली, तिथं आता ती तेच काम करते. म्हणाली, संशोधनाला लागणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हल्ली बक्षिसं देतात, आपली 'चाळण' पाठवायची आहे, शुक्रवारपर्यंत अर्ज. अडचण एकच. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लेखक म्हणून तुमच्या तेव्हाच्या साहेबांचं नाव आहे, आणि कँटीनवाले मात्र सांगतात की लिहिली तुम्ही. खरं काय?

खरं तेच. आणि साहेबांचं नाव तिथं घालणारी शहाणीही मीच.

आकाशातून येणारे रेडिओ संकेत फार क्षीण असतात. त्यात मोटारसायकली, विजेच्या तारा, विहिरीवरचे पंप, सगळे आपापली खरखर मिसळतात. ती ओळखून बाजूला काढायची, हे चाळणीचं काम. ही कल्पना तांदूळ निवडताना सुचली असं सांगायला मला फार आवडेल, ऐकणाऱ्यालाही बरं वाटेल. पण मी तांदूळ कधी धड निवडले नाहीत. सासूबाई असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं. ती सुचली महाळुंगे पडवळहून कामावर जाताना, एसटीत पेंगत असताना. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, म्हणून बाहेरचे लोक 'चलान' वाचतात. हा प्रोग्राम ट्रॅफिक पोलिसांनी लिहिला असंच त्यांना वाटत असणार.

तेव्हा मी तिशीची. मढसारख्या गावातून बी.एस्सी. झाले म्हणून मान ताठ, चालणं असं की रस्ता माझ्यासाठीच केलाय. चाळण चालू झाली आणि वरती 'लेखक' म्हणून एक जागा रिकामी राहिली. लग्नपत्रिकेत कसं, धावपळ कुणीही करो, निमंत्रक म्हणून नाव वडीलधाऱ्याचंच पडतं. स्वतःचं नाव वर टाकणं म्हणजे आगाऊपणा. मी तीच रीत इथं धरली, साहेबांचं नाव टाईप केलं, आणि आपण किती संस्कारी म्हणून दोन दिवस तरंगत होते. साहेबांनी ती ओळ कधी उघडूनसुद्धा पाहिली नाही. पुढं चाळण वापरणारे लोक त्यांचे आभार मानायला लागले, तशी मी त्यांच्यावर रुसले. चांगली सात-आठ वर्षं रुसले. त्यांना काही बोलले मात्र नाही, मग त्या बिचाऱ्यांना कळणार कसं? ते रिटायर झाले, मग वारले, आणि रुसायचाही कंटाळा आला.

मुलगी म्हणाली, अर्जाला पुरावा लागेल. माझ्याकडे कागदाचा कपटा नव्हता. मग तिनं फोनवर प्रोग्राममधली एक टीप वाचून दाखवली. अक्षरं इंग्रजी, भाषा आमची: "हितं हात लावू नका राव. लई मुश्किलीनं चाललंय. का चाललंय ते ठाव न्हाई."

साहेब दक्षिणेकडचे. त्यांचं मराठी 'चहा' आणि 'उद्या' यांच्या पुढं कधी गेलं नाही. मुलगी हसत सुटली. नऊ वर्षं चाळण सांभाळतेय, पण त्या ओळीला तिनंही हात लावला नव्हता म्हणे.

बुधवारी ती अर्ज घेऊन घरी आली. माझे गुडघे धरलेले, तिनंच आत जाऊन चहा टाकला. चहा उकळेपर्यंत तिची सगळी हकिकत कळली. यंत्रं बदलली तेव्हा अख्खी चाळण तिनं संगणकाच्या नव्या भाषेत उतरवली, ती टीप तेवढी जशीच्या तशी ठेवून. नोकरी दरवर्षी नव्यानं मिळते. आता कायमची एक जागा निघणार आहे, तिथं असं बक्षीस नावावर असलं तर मोजलं जाईल.

अर्ज पाहिला. लेखक म्हणून एकच नाव, माझं. छान दिसत होतं. खोटं कशाला सांगू, चहा संपेपर्यंत मी ते तसंच समोर ठेवलं.

मग विचारलं, तुझं कुठंय?

ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही मोठ्या, आजी. माझं टाकणं बरं दिसत नाही."

इतकं थकल्यासारखं झालं मला. तीस वर्षांनी तीच लग्नपत्रिका, तोच संस्कार, फक्त साहेबाच्या जागी मी. चार गोष्टी सुनवाव्यात एवढंही त्राण नव्हतं.

"तुझं वर टाक," म्हटलं. "माझं खाली. पण टाक हां, गाळू नकोस."

तिनं वाद घालून पाहिला. मला झोप येतेय, असं सांगितलं तेव्हा कुठं टाईप करायला लागली. जाताना तिनं विचारलं, पहिल्या ओळीतलं साहेबांचं नाव काढू का? म्हटलं, राहू दे. फक्त 'लेखक' खोड आणि 'निमंत्रक' लिही.

निकाल अजून यायचाय. दुपारी झोपताना मी फोन बंद करून ठेवायची. हल्ली चालू ठेवते, उशाशी.