झाडांच्या शेंड्यावर सांगितलेलं

सेलूच्या शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी शिक्षिका म्हणून लागलो. ती मोठ्या बागायतदाराची सून, मी बौद्धवाड्यातली. तरी मधल्या सुट्टीत डबे एकत्रच उघडायचो. आमचं अगंतुगं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेची सहल कर्नाटकातल्या घाटात गेली. तिथल्या दाट, सदा ओल्या जंगलात झाडांच्या शेंड्यांजवळून दोर आणि फळ्यांची झुलती वाट बांधली होती. एका झाडावरच्या माचीवरून दुसऱ्या झाडावरच्या माचीवर जायचं. आमचं सगळं आयुष्य बाभळी आणि लिंबाच्या सावलीत गेलेलं. इथं खाली जमीनच दिसेना.

मुलं हुंदडत पुढं गेली. ही मात्र अर्ध्या वाटेत दोर गच्च धरून उभी राहिली.

"लय भ्या वाटायलंय गं. मला न्हाई जमायचं."

मी वळले, तिचे दोन्ही हात धरले आणि उलट्या पावली चालत तिला मधल्या माचीपर्यंत आणलं. तिथं टेकलो, दोघीच. तिची नजर खाली जाऊ नये म्हणून मी बोलत राहिले आणि बोलता बोलता कुणालाच न सांगितलेलं सांगून बसले. बहिणीच्या बाळंतपणाची म्हणून काढलेली माझी रजा खरी विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहासाठी होती. औरंगाबादला रस्त्यावर बसले, पोलिसांनी गाडीत घातलं, कोठडीत ठेवलं.

तिनं माझा हात दाबला. "लय धीराची हायेस तू. माझ्या तोंडून हे बाहेर पडायचं न्हाई."

शाळा उघडली तशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. शेजारी संस्थेचे सचिव बसलेले, म्हणजे तिचे सासरे. मुख्याध्यापकांनी हसत विचारलं, "काय बाई, बहिणीला मुलगा झाला का मुलगी?"

मला बहीणच नाही. शाळेत हे फक्त तिला ठाऊक होतं.

वर्गाच्या दारात मी तिला गाठलं. "तू सांगितलंस?"

"मुद्दाम न्हाई गं. घरी जेवताना विषय निघाला, तुमच्या त्या मोर्च्यांचा. निघून गेलं तोंडातून."

'तुमच्या'. इतक्या वर्षांत हा शब्द तिनं माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. मी खडू-डस्टर घेऊन माझ्या नववीच्या वर्गाकडं वळले.

संस्थेच्या जिंतूरपलीकडल्या, चारठाण्याजवळच्या शाळेत माझी बदली झाली. माझा नववीचा वर्ग तिला दिला.

निरोपाच्या चहाला ती माझ्याबद्दल भरभरून बोलली. मग खणाचं कापड माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "राग धरू नको बरं का."

"छे, छे," मी म्हणाले. "तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात."

तिचा चेहरा उतरला. मी पिशवी उचलली आणि जिंतूरची एसटी धरली.